नारूच्या दिवसांतली शाळा

मी शिकलो उर्दूत आणि शिकवलं मराठीत. आमच्या वयाच्या बऱ्याच मास्तरांचं तसंच झालं. निजामाचं राज्य होतं तोवर धाराशिवच्या शाळेत हिशेब, भूगोल, इतिहास सगळं उर्दूतून चालायचं. मराठी ही गल्लीत बोलायची भाषा होती. राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या आणि आम्हाला ट्रेनिंगला बसवून बाळबोध अक्षरं गिरवायला लावली. मिसरूड फुटल्यावर मी काना-मात्रा शिकलो. बोलताना काही अडत नव्हतं. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकायचं. अजूनही चुकतं.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या जूनमध्ये माझी बदली माकणीच्या अलीकडच्या एका गावी झाली. शाळा एकशिक्षकी होती, पहिली ते चौथी. चावडीला लागून एक लांबट खोली, पुढं पत्र्याची पडवी आणि अंगणात लिंबाचं झाड. बायको आणि मी दोघंच होतो. गावात आमच्या मुसलमान समाजाची चार-पाच घरं होती, त्यांतल्या एकानं राहायला दोन खोल्या दिल्या.

निघण्याआधी तालुक्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं. ते म्हणाले, "त्या गावात पटावर पोरं भरपूर आहेत, वर्गात कुणी नसतं. तुम्ही तरुण आहात. हजेरी वाढवून दाखवा."

मी ते फार मनावर घेतलं. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी गावातनं एक फेरी मारायचो. जो पोरगा गोठ्यात, ओढ्यावर, झाडावर सापडेल त्याला धरून आणायचो. गैरहजर राहणाऱ्याला छडी होती. दिवाळीपर्यंत खोली भरून गेली. साहेब तपासणीला आले, मुंडकी मोजली आणि मला म्हणाले, "शाबास." त्या एका शब्दावर मी पुढचे दोन महिने छाती काढून हिंडलो.

चौथीत एक मुलगा होता. घरची मध्यम शेती, बाप सरळ माणूस. मुलाचं वाचन असं होतं की बाकीची पोरं त्याच्या तोंडाकडं बघत राहायची. मी फळ्यावर 'पाणि' लिहिलं की तो हळूच म्हणायचा, "मास्तर, णी दीर्घ." वर्ग हसायचा, मी पुसून पुन्हा लिहायचो. मला त्याचा राग कधी आला नाही. उलट घरी जाऊन मी बायकोला सांगायचो, आज पोरानं माझ्या दोन चुका काढल्या.

संक्रांतीनंतर हजेरी घसरायला लागली. आधी चार पोरं, मग आठ, मग निम्मा वर्ग. मला वाटलं, ज्वारीची काढणी सुरू झाली, घरची माणसं पोरांना शेतावर नेत असतील. काही घरी तसं होतंही. पण मी खोलात शिरलो नाही. एक दिवस वर्गात उभं राहून जाहीर केलं, "दोन दिवस गैरहजर राहील त्याला पाच छड्या. चार दिवस राहील त्याचं पटावरून नाव काढीन."

नाव काढायचा मला अधिकार नव्हता. पण पोरांना ते कुठं ठाऊक?

दुसऱ्या दिवशी चौथीतला तो मुलगा लंगडत आला. घोट्याच्या वर चिंधी बांधलेली होती. मी विचारलं, "काय झालं रे?"

"काय न्हाई, मास्तर."

तो बसला, वाचलं, गणितं केली, लंगडत घरी गेला. तिसऱ्या दिवशीही आला. चौथ्या दिवशी त्याची जागा रिकामी होती. मी हजेरी घेताना त्याच्या नावाशी थांबलो, तेव्हा मागून एकजण बोलला, "मास्तर, त्याचा नारू तुटला."

नारू काय असतो हे आता सांगावं लागतं. पांढऱ्या दोऱ्यासारखी लांब अळी माणसाच्या अंगात वाढते आणि पायाला फोड येऊन त्यातनं बाहेर पडते. ती एकदम ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळून रोज बोटभर बाहेर घ्यायची, पुरती निघायला महिनाही लागतो. मध्येच तुटली तर आत राहिलेला भाग पिकतो, पाय सुजतो, ताप चढतो. मी धाराशिवात आडाचं पाणी पिऊन वाढलो होतो. नारू ऐकून माहीत होता, पण तो म्हाताऱ्याकोताऱ्यांचा रोग अशी माझी समजूत होती.

शाळा सुटल्यावर त्याच्या घरी गेलो. मुलगा पडवीत बाजेवर पडला होता. पाय गुडघ्यापर्यंत फुगून चकाकत होता, वर धोत्र्याची गरम पानं बांधलेली. डोळे मिटलेले होते. बाप उंबऱ्यावर बसला होता. मला बघून उठला, घोंगडी अंथरली आणि म्हणाला, "बसा, मास्तर."

मी म्हणालो, "या पायानं शाळेला कशाला पाठवलंत दादा?"

तो पुन्हा उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "म्या न्हाई धाडलं. म्या म्हनलं, नारू अर्धा निगालाय, हालू नको. त्यो म्हनला, मास्तर नाव काढत्यात. रडाया लागला. मंग जा म्हनलं. येताना वाटंतल्या दगडाला पाय आपटला आन तुटला."

आवाज चढवला नाही त्यानं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला. तो चहा कसा प्यायलो ते मला आठवत नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही, आमच्या दखनीत एवढंच म्हणाली, "बच्चे हैं वो. तुम्हारे सिपाही नहीं."

दुसऱ्या दिवसापासून मी छडी शाळेत नेली नाही. मोठं काही ठरवून नाही, हातात धरवेना. आणि हजेरीपट काखेत मारून ज्या ज्या घरचं पोरगं येत नव्हतं त्या त्या घरी गेलो. यावेळी धरून आणायला नव्हे, बघायला. दोन दिवसांत गाव पालथं घातलं. शेतावर गेलेली पोरं थोडी होती. बाकीची घराघरांत पडून होती. कुणाच्या घोट्याला, कुणाच्या पिंडरीला, एका मुलीच्या तर तळव्याला काडी बांधलेली. आया म्हणायच्या, "दरसाली ह्या दिसांत आसतंच की मास्तर. पाऊस पडला की जातंय."

संध्याकाळी हजेरीपट उघडून दोघं बसलो. बायकोला वाचता यायचं नाही, पण दिवा जवळ धरून ती ओळीवर बोट फिरवायची आणि विचारायची, "हे कोण?" मी सांगायचो, माघापासून एक जरी खाडा असेल तिथं ती तांदळाचा दाणा ठेवायची. पानावर दाणेच दाणे झाले. दोन ओळी मात्र मोकळ्या राहिल्या. "या कोण?" तिनं विचारलं.

त्या दोघी बहिणी होत्या, एक पहिलीत आणि एक तिसरीत. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या. दोघींची माघ महिन्यापासून एकही गैरहजेरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिसरीतल्या मोठीला मी बोलावलं. सडपातळ, केस तेलानं चापून बसवलेले, बोलताना डोळ्यांत बघणारी.

"तुमच्या वस्तीत कुणाला नारू झालाय का ग?"

"न्हाई मास्तर."

"मागल्या साली?"

"न्हाई. आमच्यात नसतो त्यो."

"पाणी कुठलं पिता?"

"वढ्याच्या झिऱ्याचं." आणि मला कळलं नाही असं वाटून तिनं समजावून सांगितलं, "बारवंत आमाला कुटं उतरू देत्यात?"

शाळा सुटल्यावर मी तिच्यामागं ओढ्यावर गेलो. ओढा आटला होता. वाळूत हातभर खोल खड्डा खणलेला, त्यात पाणी झिरपून साठलेलं. तिनं नारळाच्या नरोटीनं वरचं पाणी काढून टाकलं, खालून नवं आलं. ते काचेसारखं स्वच्छ होतं.

तिथनं मी तसाच बारवेवर गेलो. गाव पाणी प्यायचं ती ही बारव: चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, तळाशी हिरवट पाणी. उन्हाळा लागल्यामुळं पाणी खाली गेलेलं, त्यामुळं बाया शेवटच्या पायरीवरून घोटाभर पाण्यात उतरून घागरी भरत होत्या. एक म्हातारा कडेला पाय पाण्यात सोडून बसला होता. त्याच्या पायाला काडी होती. मी विचारलं तर म्हणाला, "लई आग व्हती बाबा. पान्यात घातला की गार वाटतंय."

मला काहीतरी जुळतंय असं वाटत होतं, पण नेमकं काय ते कळत नव्हतं. ते कळलं चार-पाच दिवसांनी, देवीची लस टोचणारा सायकलवरून गावात आला तेव्हा. उन्हानं रापलेला, पन्नाशीचा माणूस. शाळेतच त्यानं पोरांना टोचलं. दुपारी आमच्याकडं जेवायला बसला, तेव्हा मी त्याला झिऱ्याचं आणि बारवेचं सांगितलं.

तो जेवता जेवता हसला. "मास्तर, हे मी बारा गावांत सांगून दमलो. घरात काचेचा ग्लास आहे का?"

बायकोच्या माहेरहून आलेले दोन ग्लास होते. एकात बारवेचं पाणी भरून त्यानं ते उन्हाकडं धरलं. "बघा. बारीक पांढरे ठिपके उड्या मारतात की नाही?"

मारत होते. एकदा दिसल्यावर नजर हटेना.

"हे पाण्यातले किडे. नारूवाला पाण्यात पाय बुडवतो तेव्हा नारूची पिल्लं पाण्यात पडतात. हे किडे ती पिल्लं गिळतात आणि हे किडे तुम्ही पिता. मग नारू तुमच्या अंगात वाढतो आणि वर्षानं पाय फोडून बाहेर येतो."

"वर्षानं?"

"वर्ष म्हणजे वर्ष. म्हणून तर कुणाचा विश्वास बसत नाही. आज प्यायचं आणि पुढच्या शिमग्याला भोगायचं, मधे सगळं विसरून जायचं. वाळू पाणी गाळते म्हणून झिऱ्यावाल्यांना काही होत नाही. धोतराच्या जाड कापडाची दुहेरी घडी करून गाळलं तरी बस्स." हात धुताना तो म्हणाला, "मोठ्यांच्या नादी लागू नका. पोरांना दाखवा."

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली मी दोन्ही ग्लास ठेवले. एकात गाळलेलं पाणी, एकात बिनगाळलेलं. एकेकानं पुढं येऊन उन्हात डोळा लावून बघायचं. पहिलीतली एक मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये आमी पितो?" एकाला उमासे आले, तो भिंतीआड पळाला.

त्याच दिवशी संध्याकाळी चार बाया आमच्या दारात. "मास्तर, पोरगं दुपारधरनं पानी पिईना. काय दाखिवलं तुमी त्येला?" मी ग्लास काढून त्यांनाही दाखवला. दोघींनी बघितलं. दोघी म्हणाल्या, असलं काही बघू नये, आणि निघून गेल्या.

बायकोनं माझं एक जुनं धोतर आणि शेजारपाजारचे तुकडे घेऊन घागरीच्या तोंडावर बसतील अशा दुहेरी टोप्या शिवायला घेतल्या, कडेला नाडी ओवलेल्या. हातशिलाई, मशीन कुठलं? मोठ्या मुली तिच्याकडं येऊन शिकल्या. पोरं त्याला 'घागरीची टोपी' म्हणायला लागली. शिमगा उलटला तेव्हा प्रत्येक पोराच्या घरी एक टोपी पोचली होती. वापरायची का नाही ते त्या त्या घरावर.

शाळेत मी एक रांजण ठेवला. तेवढं पाणी कोण आणणार? म्हणून ठरवलं की प्रत्येकानं येताना घरून एक तांब्या पाणी आणायचं आणि कापडातून रांजणात ओतायचं. त्या दोघी बहिणींनीही आणलं, झिऱ्याचं. त्याचा काय अर्थ होतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी काही सुधारणा करायला निघालो नव्हतो. माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त ठिपके होते.

तिसऱ्या दिवशी तिघंजण शाळेत आले. त्यांच्यामागं चौथीतल्या मुलाचा बापही होता. पुढचा म्हणाला, "मास्तर, तुमी भला मानूस हाव. पर वस्तीवरचं पानी आमच्या पोरांच्या रांजनात?"

मी परगावचा, त्यात मुसलमान, येऊन वर्ष व्हायचं होतं. आणि राज्य बदललं त्याला फार वर्षंही झाली नव्हती. मी त्या घडीला दुसरा रांजण ठेवायला कबूल होणार होतो, हे खोटं कशाला सांगू? तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागून त्या मुलाचा बाप बोलला.

"सबंद गावात बिननारूचं पानी त्या दोन तांब्यांतच हाय. आन तेवढंच भाईर काडायचं व्हय?"

"आरं, पर रीत..."

"माजं पोरगं बाजंवर पडलंय. तुमची रीत त्येला उठवती का इचारा."

ते तिघं कुरकुरत गेले. दोन घरांनी पोरं पाठवायची बंद केली. एका घरचं पोरगं पंधरा दिवसांनी आलं. दुसरं आलं ते स्वतःचा तांब्या घेऊन, आणि वर्षभर ते आपल्याच तांब्यातलं पाणी पीत एका कोपऱ्यात बसायचं. मी त्याला कधी काही बोललो नाही.

मोठ्या बहिणीच्या कानावर हे गेलं असणारच. दुसऱ्या दिवशी ती रिकामा तांब्या घेऊन दाराशी उभी राहिली. "मास्तर, आनू का नको?"

"आण की," मी म्हणालो. ती ओढ्याकडं पळाली आणि उशिरा आली, पण त्या दिवशी तिच्या नावापुढं मी उशीर मांडला नाही.

या सगळ्या दिवसांत रोज संध्याकाळी मी चौथीतल्या त्या मुलाच्या बाजेशी जाऊन बसायचो. पुस्तक वाचायचो, तो ऐकायचा. तिसऱ्या दिवशी भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "मास्तर, नाव काडलं का माजं?"

मी हजेरीपट उघडून त्याच्यापुढं धरला. त्यानं स्वतःचं नाव वाचलं, पुढच्या गैरहजेरीच्या खुणा बघितल्या. मग म्हणाला, "ह्यात आडनाव चुकलंय. दुसरी वेलांटी पायजे." मी त्याच्यासमोर ती दुरुस्त केली. पाय बरा व्हायला आषाढ उजाडला. परीक्षा बुडाली, पुन्हा चौथीत बसावं लागलं, आणि गुडघा पुरता वळेना तो कायमचाच. ते माझ्या नावावर आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दरवर्षी आम्ही धाराशिवला जायचो. त्या साली गेलो नाही. बारवेचं पाणी सगळ्यांत वाईट होतं ते याच दिवसांत, आणि पोरांना महिनाभर मोकळं सोडलं तर टोप्या कोपऱ्यात पडणार. आठवड्यातून एकदा सकाळी पोरं लिंबाखाली जमायची. प्रत्येकानं टोपी धुऊन आणायची. ती उन्हाकडं धरून भोक पडलंय का बघायचं. मग घरचं पाणी ग्लासात. ज्याच्या पाण्यात ठिपका दिसणार नाही त्यानं शाळेची घंटा वाजवायची. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. एरवी तिला मीच हात लावायचो. त्या रुळाचं पोरांना केवढं वेड होतं! सुट्टीत घंटेचा आवाज ऐकून शेतावरची माणसं विचारायची, शाळा उन्हाळ्यात पण भरती व्हय?

पावसाळा आला तशी हौस ओसरली. ठिपके दिसेनात, नारू कुणाला नाही, मग गाळायचं कशाला? एका टोपीत चिंचा बांधलेल्या दिसल्या. दोघांनी टोप्यांनी ओढ्यात मासे धरले. मी रागावलो नाही, पण कंटाळलो. खरूज, हिवताप, खोकला यांनीच पोरं हैराण होती; नारूचं कोण ऐकतो? रांजणाशी उभं राहून रोज न चुकता कापड धरणारी एकच होती, ती झिऱ्याकाठची मोठी बहीण. मी तिला एकदा म्हणालो, "तुमच्यात तर नारू नसतो. तू कशाला एवढं करतेस?"

ती म्हणाली, "मला घंटा वाजवायची आसती."

त्यानंतर वर्गात मी सांगून टाकलं की रांजण सांभाळणाऱ्यानं रोज घंटा वाजवायची, आणि पाळ्या लावून दिल्या. पुन्हा गाडी मार्गाला लागली.

त्या माघात माझ्याच पायाला फोड आला. आधी खाज, मग अशी आग की पाय तोडून टाकावा वाटे. दोन दिवसांनी फोड फुटला आणि आत पांढरा दोरा दिसला. गावात बातमी पसरायला कितीसा वेळ? दुपारपर्यंत पडवीत माणसं जमली. मागल्या साली रांजणावरून तक्रार घेऊन आलेल्यांतलाच एक म्हणाला, "मास्तर, गाळायला तुमी सांगितलं आन तुमच्याच पायात निगाला? कापड फाटकं व्हतं का काय?" सगळे हसले. मी समजावायला गेलो, पण आगीनं मला धड बोलवत नव्हतं.

चौथीतला मुलगा, आता दुसऱ्यांदा चौथीत, बाजेच्या पायथ्याशी उभा होता. तो म्हणाला, "मागल्या माघात मास्तर कुठलं पानी पीत व्हते?"

"बारवंचं," पडवीतनं एकजण म्हणाला.

"गाळून?"

त्याचा बाप म्हणाला, "म्हंजी ह्ये मागल्या साली पेरलेलं उगवलं."

"तेच तर मी म्हणतोय," मी म्हणालो.

त्या उन्हाळ्यात काही पोरांनाही नारू झाला, आदल्या साली टोप्या मिळायच्या आधी बारवेचं प्यायलेल्यांना. पण 'पेरलेलं उगवलं' हे लोकांच्या ध्यानात बसलं. मी वर्षभर बोललो त्याच्यापेक्षा त्या दोन शब्दांनी जास्त काम केलं.

तीन आठवडे मी बाजेवर होतो. बायको रोज काडी फिरवायची आणि पाय शेकलेलं पाणी लांब शेतात नेऊन ओतायची. शाळा बंद पडली नाही. पोरांनी आपण होऊन शाळा आमच्या पडवीत आणली. फळा भिंतीला टेकवला, रांजण मात्र शाळेतच ठेवला आणि तिथनं पोरं तांब्यानं पाणी आणायची. तालुक्याला पाठवायचा रजेचा अर्ज मी सांगितला आणि त्या मुलानं लिहिला. साहेबांनी पुढं मला विचारलं, "मास्तर, अर्ज कुणाकडून लिहून घेतलात? तुमचं शुद्धलेखन इतकं चांगलं नाही." मी खरं ते सांगितलं.

पडल्या पडल्या मला एक गोष्ट कळली. या आगीत त्या मुलानं दोन दिवस माझ्या वर्गात बसून गणितं केली होती.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शाळेत दोघांनाच नारू झाला. त्यातला एक तो स्वतःच्या तांब्यातलं पिणारा. मला त्यात आनंद झाला नाही. मी त्याच्याही घरी जाऊन रोज बसलो, आणि बरा झाल्यावर तो आपण होऊन रांजणातलं प्यायला लागला. त्या वर्षी गावानं बारवेच्या पायऱ्यांच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या रोवल्या आणि वर रहाट बसवला, म्हणजे कुणी पाण्यात उतरायला नको. पुढाकार त्या मुलाच्या बापाचा होता. वस्तीला त्या रहाटावर येऊ द्यावं असं मी एकदा म्हणून बघितलं. तेही त्याच्याजवळच. तो मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, तेवढं माज्यानं व्हनार न्हाई." वस्तीला झिऱ्याचंच पाणी प्यावं लागलं. ते चांगलं पाणी होतं. पण भर उन्हाळ्यात त्यासाठी तासतास थांबावं लागायचं.

दरम्यान चौथीतला तो मुलगा पाचवीसाठी दोन कोसांवरच्या गावी जायला लागला, न वळणाऱ्या गुडघ्यानं, काठी टेकत. मोठी बहीण चौथी पास झाली तेव्हा तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढलं. मी तिच्या घरी तीनदा गेलो. पहिल्यांदा ते म्हणाले, "पोरीची जात, मास्तर." दुसऱ्यांदा म्हणाले, "कामाला मानूस न्हाई." तिसऱ्यांदा मी बायकोला बरोबर घेऊन गेलो. ती तिच्या आईशी चुलीपाशी बराच वेळ बोलत बसली. काय बोलली ते मला तिनं कधी सांगितलं नाही. निघताना वडील म्हणाले, "चार पोरं संगं आसली तर जाऊ दे."

चार पोरं होती. जूनमध्ये ती पाच जणं सकाळी ओढा ओलांडून निघाली. ती मुलगी सातवीपर्यंत शिकली. मग तिचं लग्न झालं आणि ती निलंग्याकडं गेली, एवढंच मला कळलं. तोवर माझी बदली झाली होती.